उतारवयातलं गाव : धाराशिवमध्ये म्हातारपण काढायचं तर काय काय लागतं?

ऐन मे महिन्यात, ऊन उतरायची वाट बघून एवढी मंडळी इथवर आली, त्याबद्दल आधी आभार मानतो. ज्येष्ठांनी कृपा करून पंख्याखालच्या खुर्च्या घ्याव्यात. आजचा विषय तुमचा-आमचाच आहे.

विषय आहे, निवृत्तीनंतर राहायचं गाव. आम्ही काही या विषयातले तज्ज्ञ नाही. हातलाईच्या बाजूला सकाळी फिरायला जाणारे आम्ही काहीजण, बहुतेक सगळे निवृत्त. चालता चालता बोलणं कशावर यायचं? नळाला पाणी कधी येणार, गुडघ्याला कुठलं तेल चांगलं, हयातीच्या दाखल्याला कुठं जायचं, सोलापूरची गाडी किती वाजता. एक दिवस आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "अहो, हे सगळे वेगवेगळे प्रश्न नाहीत, एकच प्रश्न आहे." तो एक प्रश्न कोणता, ते आज मांडायचं आहे.

न ठरवता झालेलं निवृत्तांचं गाव

धाराशिव हे निवृत्तांचं गाव व्हावं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण झालं कसं बघा. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस, एसटीचे चालक-वाहक, बँकेतले लोक. नोकरी कळंब, भूम, परंडा, वाशी, उमरगा, लोहारा, तुळजापूर अशी फिरत झाली. मुलांच्या शाळेसाठी जिल्ह्याच्या गावी प्लॉट घेतला, आधी दोन खोल्या बांधल्या, मग वरचा मजला. मुलं शिकली आणि पुण्याला गेली. आमच्या सेवापुस्तकावर उस्मानाबाद, आता घराच्या पत्त्यावर धाराशिव. नाव बदललं, माणसं तीच.

मूळ गावी शेत आहे, पण रात्री छातीत दुखलं तर डॉक्टर नाही. पुण्यात मुलगा आहे, पण सातव्या मजल्यावर दिवसभर बोलायला कुणी नाही. म्हणून मधला रस्ता धाराशिव. बाजार, बँक, दवाखाना, बसस्थानक, ओळखीचे चार चेहरे, सगळं एका रिक्षाच्या अंतरात.

जगात अशी गावं ठरवूनही बांधली गेलीत. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात, फिनिक्स शहराजवळ, डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीनं १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' हे गाव खुलं केलं. फक्त उतारवयातल्या लोकांसाठी. घरं एकमजली, जिने नाहीत. करमणुकीची केंद्रं, पोहायचे तलाव, गोल्फची मैदानं. गोल्फची छोटी गाडी तिथं रस्त्यावरही चालवतात, बाजाराला जायला. लहान मुलांनी तिथं कायमचं राहायचं नाही, असा नियम. ते गाव लोकांनी मुलांपासून वेगळं राहायला निवडलं. आपल्याकडे आपण जागेवरच राहिलो आणि मुलं गेली. फरक मोठा आहे.

पण एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे पाऊस कमी आणि पाणी लांबून आणावं लागतं. फिनिक्सच्या परिसरासाठी कोलोरॅडो नदीचं पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून वाळवंट ओलांडून येतं. आपण वाळवंटात राहत नाही, पर्जन्यछायेत राहतो. तरीही आपला पहिला मुद्दा पाणी हाच आहे.

पाणी : बादलीचं वजन

आपलं शहर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. पठारावरचं पाणी एका बाजूला तेरणा-मांजराकडून गोदावरीला जातं, दुसऱ्या बाजूला सीनेकडून भीमेला. म्हणजे आपण पाणलोटाच्या माथ्याजवळ बसलोय. माथ्यावर मोठी नदी कुठून येणार? म्हणून शहराला सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीनं आणावं लागलं. उजनी पूर्ण भरलेलं असतं तेव्हाही त्याची पातळी पाचशे मीटरच्या किंचित खालीच असते. म्हणजे पाणी नुसतं लांबून येत नाही, दीडशे मीटर वर चढून येतं. ते पंपानं चढतं आणि पंप विजेवर चालतो. वाटेत कुठं वीज गेली, कुठं वाहिनी फुटली, की आपल्या गल्लीतला नळ कोरडा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं यात त्या चढाचाही हात आहे, हे ध्यानात ठेवा.

आता घरातला हिशेब करू. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप माणशी दिवसाला १३५ लिटरचं. नवरा-बायको दोघं, म्हणजे २७० लिटर. पाणी पाच दिवसांआड येत असेल तर साठा हवा १३५० लिटरचा. गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल तर ती चौथ्या दिवशीच संपणार. तेच माणशी ७० लिटरमध्ये भागवलं, तर दोघांचे १४०, आणि हजार लिटर सात दिवस पुरतं. आपल्यातले बहुतेक लोक असंच भागवतात.

पण खरा प्रश्न लिटरचा नाही, उचलण्याचा आहे. पाणी हौदात असेल आणि मोटार नसेल तर १४० लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ-दहा बादल्या. एक बादली पंधरा किलोची. सत्तरीच्या बाईनं दिवसाला नऊ बादल्या ओल्या फरशीवरून न्यायच्या. महिन्याचं पाणी सरकारी कागदावर पुरेसं असतं आणि तरी ती बाई पडते. म्हणून नवीन घर बांधताना किंवा जुनं दुरुस्त करताना पहिला खर्च टाइल्सवर करू नका. हौदातून गच्चीवर पाणी चढवणारी छोटी मोटार आणि न्हाणीघरात धरायला दांडी, हा खर्च आधी करा.

आणखी एक गोष्ट. साठवलं की डास आले. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगतं. पण दोनशे लिटरचं पिंप वाकून घासणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, आणि पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना ते ओतून द्यायला मन होत नाही. उपाय साधा आहे. मोठ्या एका पिंपापेक्षा झाकणाची लहान भांडी ठेवा आणि रिकामं होईल ते लगेच घासा. पिंप ठेवायचंच असेल तर तोंडाला सुती कापड घट्ट बांधा.

ऊन, तहान आणि एका काकूंची गोष्ट

आता आमच्या गल्लीतल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. वय पंचाहत्तरीच्या पुढं. डोळे दाखवायला त्या अधूनमधून बाहेरगावी जायच्या, एसटीनं. महाराष्ट्रात २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच वयाच्या महिलांना अर्धं तिकीट. काकू खूश. तिकिटाचा खर्च नाही, डॉक्टर ओळखीचे, गाडी दारातून गेल्यासारखी.

पण जायच्या आदल्या रात्रीपासून त्या पाणी प्यायच्या बंद व्हायच्या. का? वाटेतल्या बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहात त्यांना जाता यायचं नाही. गुडघे दुमडत नाहीत, धरायला काही नाही, फरशी ओली, आत अंधार. मग प्यायचंच नाही, म्हणजे जावंच लागणार नाही. एका मे महिन्यात परतीच्या वाटेवर गाडीतून उतरताना चक्कर येऊन पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. घरचे म्हणाले, वयोमानानं तोल गेला. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नव्हतं. त्यानंतर काकू घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. मोफत प्रवास अजूनही आहे, त्यांना त्याचा उपयोग नाही.

आता विचार करा. गाडी होती, सवलत होती, डॉक्टर होते. अडलं कुठं? एका दांडीपाशी आणि एका कमोडपाशी. आम्ही सुरुवातीला जो एक प्रश्न म्हटलं, तो हाच. गावात सोय आहे का, एवढं विचारून भागत नाही. पंचाहत्तरीतलं माणूस, एकटं, दुपारी, तिथवर जाऊन ती सोय वापरून परत घरी येतं का, हे विचारायला हवं. साखळीतला एक दुवा तुटला की बाकीचे सगळे असून नसल्यासारखे.

यामागचं शरीरशास्त्रही सांगतो. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. तहान लागली नाही म्हणजे पाण्याची गरज नाही, असा अर्थ होत नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. बाहेर पारा चाळिशीच्या पुढं, आत पाणी कमी, गोळी चालूच. मग उठल्याबरोबर डोळ्यांपुढं अंधारी येते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण उन्हाळा लागला की डॉक्टरांना एकदा विचारायचं, "उन्हाळ्यात हीच मात्रा ठेवायची का?" आणि तहानेची वाट न बघता ठरलेल्या वेळी प्यायचं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती प्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारायचं.

रस्ता ओलांडायला किती सेकंद?

काकूंची गोष्ट बसस्थानकाची होती, पण बसस्थानकापर्यंत पोचायला आधी रस्ता ओलांडावा लागतो. सिग्नलची आखणी करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. काठी टेकत चालणारं माणूस सेकंदाला ०.८ मीटरनंच जातं. चौदा मीटर रुंद रस्ता तरुणाला बारा सेकंदांत पार होतो, म्हाताऱ्याला साडेसतरा लागतात. जिथं सिग्नलच नाही तिथं हे साडेपाच सेकंद येणाऱ्या ट्रकच्या भरवशावर. रस्ता रुंद झाला की आपण विकास झाला म्हणतो, आणि ते खोटंही नाही. पण मधोमध थांबायला एक सुरक्षित दुभाजक नसेल, तर पलीकडचं औषधाचं दुकान म्हाताऱ्या माणसासाठी दुसऱ्या गावात गेलं असं समजा.

बसायची जागाही तशीच. घरापासून बँक अर्धा किलोमीटर. तरुणाला सहा-सात मिनिटं. पण ज्याला दर दोनशे मीटरला टेकावं लागतं, त्याला वाटेत दोन बाकडी हवीत, आणि सावलीत हवीत. बाकडी आपल्याकडे देणगीतून पुष्कळ बसतात, देणगीदाराचं नावही मोठं असतं. आमची विनंती एवढीच, बाकडं नावाच्या दर्शनी जागेपेक्षा लिंबाच्या सावलीत बसवा.

रेल्वेचंही सांगतो. बार्शी लाइट रेल्वेची जुनी छोटी गाडी येडशीवरून जायची, आपल्या गावाला शिवायची नाही. रुंद मार्ग झाला तेव्हा शहराला स्थानक मिळालं. लांबच्या प्रवासाला ज्येष्ठांना रेल्वे बरी, कारण गाडीत शौचालय असतं. पण रेल्वेतली ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. म्हणजे एसटीत तिकीट फुकट पण सोय नाही, रेल्वेत सोय आहे पण सवलत नाही. निवड ज्यानं त्यानं आपल्या गुडघ्याला विचारून करायची.

दवाखाना : आधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

पूर्वी कुठलंही मोठं दुखणं निघालं की सोलापूर. आता आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, ही मोठी गोष्ट आहे. तरी काही उपचारांना सोलापूर किंवा लातूर गाठावं लागतं, म्हणजे तासा-दीड तासाची वाट.

अर्धांगवायूचं उदाहरण घ्या. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो. जितक्या लवकर तितकं चांगलं. चेहरा एका बाजूला ओढला, एक हात खाली पडायला लागला, बोलणं अडखळलं, तर लिंबूपाणी देत बसायचं नाही. वेळ कागदावर लिहायची आणि १०८ ला फोन करायचा. रात्री सीटी स्कॅन कुठं चालू असतो, ही माहिती आजच काढून दारामागं लिहून ठेवा. रात्री दोन वाजता ती शोधायची नसते.

पैशाची बाजू. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. पण नीट ऐका, हे योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्यासाठी जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचा स्वस्त पर्याय आहे का ते विचारा.

पेन्शन आणि पन्नास रुपये

निवृत्तांचं गाव म्हटलं की आपल्यासारखे पेन्शनवाले डोळ्यांपुढं येतात. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला दिला की वर्षभर काळजी नाही. तो दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण' पद्धतीनं बोटाचा ठसा देऊन देता येतो. बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही आता होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून बँकेत न्यायची गरज उरलेली नाही. हे शेजारच्या घरात आवर्जून सांगा, अजून अनेकांना ठाऊक नाही.

पण याच गल्लीत दुसरं म्हातारपणही राहतं. मंडईच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणाऱ्या आजी. त्यांना निवृत्तीचं वयच नाही. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्या, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्यांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. दिवसाला पन्नास. पन्नास रुपयांत पाण्याचा जार, गोळ्या आणि भाकरी बसवायची. पाणी आलं नाही की आपण टँकर मागवतो, आजी शेजाऱ्याकडं घागर घेऊन जातात. म्हणून सार्वजनिक नळ, सार्वजनिक स्वच्छतागृह, सरकारी दवाखाना या सोयी आपल्याला 'असल्या तर बऱ्या' वाटतात, त्यांना त्यांच्यावाचून गत्यंतर नाही.

आणि आपणही फार निश्चिंत राहू नये. राज्यात जुनी पेन्शन मुळात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांची. त्यानंतरच्यांचे नियम वेगळे आहेत, आणि बदलतही आहेत. पुढच्या पिढीची म्हातारपणं आपल्यासारखीच जातील असं धरून चालता येणार नाही. तेव्हा घरात पैसा असो-नसो, गावानं धरून ठेवलं पाहिजे.

मग आपण काय करायचं?

आमच्या मंडळींनी ठरवलंय ते सांगतो. महिन्यातून एका रविवारी एक वाट चालायची. घर ते बँक, घर ते दवाखाना, घर ते बसस्थानक. आमच्यातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीनं, कुणी पुढं पळायचं नाही. वाटेत चार गोष्टी लिहायच्या : सावलीत बसायला कुठं मिळालं, प्यायचं पाणी कुठं मिळालं, स्वच्छतागृह वापरता आलं का, रस्ता न घाबरता ओलांडता आला का. आणि जे अडलं त्याचं एका पानाचं निवेदन, ज्याचं काम त्याच्याकडं. 'सुविधा द्या' असं मोघम लिहायचं नाही. 'अमुक ठिकाणी एक कमोड, दोन दांड्या आणि एक दिवा' असं लिहायचं. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं, हे आपण सगळ्यांनी नोकरीत टेबलाच्या पलीकडं बसून पाहिलेलंच आहे.

दुसरं, गल्लीतली हाक. एकट्या राहणाऱ्याच्या दारासमोर सकाळी नऊपर्यंत दूध-पेपर तसाच दिसला की दार वाजवायचं. त्याला पैसा लागत नाही. ज्यांना कुणाशी बोलायलाच माणूस नाही त्यांच्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक आहे, तोही लिहून घ्या.

एक प्रश्न

मघाशी चिठ्ठी आली : "मुलगा पुण्याला बोलावतोय. जावं की इथंच राहावं?"

याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येणार नाही. पण ठरवताना भावनेच्या आधी हे चार हिशेब करा. घरात पाणी न उचलता मिळतं का? रात्री दोनला दवाखान्यात कोण नेईल? औषधाच्या दुकानापर्यंत एकटं जाता येतं का? दिवसातून एकदा तरी कुणी नावानं हाक मारतं का? चारांपैकी तीन इथं जमत असतील तर खुशाल राहा, चौथ्याची सोय लावू. दोनच जमत असतील तर मुलाशी मोकळेपणानं बोला, त्यात कमीपणा नाही. आणि गेलात तरी घराची किल्ली शेजाऱ्याकडं ठेवून जा, अधूनमधून यायला रस्ता मोकळा राहतो.

त्या काकू आज इथं आलेल्या नाहीत. त्यांच्या घरापासून हे सभागृह फार लांब नाही. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या दारापासून चालायला सुरुवात करणार आहोत. त्या निदान फाटकापर्यंत येते म्हणाल्यात. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी साडेसहाला यावं, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन. बाटलीतलं पाणी मात्र प्यायचं.